फौज गेली, बंदूक उरली

अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आली. मूळ इंग्रजीत ती जेमतेम सत्तावीस शब्दांची आहे. तिचा आशय असा : स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज, आवश्यक असल्यामुळे शस्त्रे बाळगण्याच्या व वागवण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा येता कामा नये. एकाच वाक्यात आधी कारण सांगितले आहे आणि मग हक्क दिला आहे. आज त्या देशात सामान्य नागरिकांकडे अंदाजे ३९ कोटी बंदुका आहेत. जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा हा २०१७ सालचा अंदाज. त्यानुसार तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त भरतात. २०२१ या एका वर्षात बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली. हा हक्क कालबाह्य झाला आहे का, हा प्रश्न एखाद्या शाळेत गोळीबार झाला की दर वेळी विचारला जातो, आणि दोन्ही बाजू आपापली ठरलेली उत्तरे देऊन मोकळ्या होतात. माझे उत्तर ‘होय’ असे आहे. बंदुका पूर्वीपेक्षा फार घातक झाल्या हे त्याचे एक कारण झाले, पण मुख्य कारण वेगळे आहे. हा हक्क ज्या सार्वजनिक कर्तव्याच्या आधाराने घटनेत आला, ते कर्तव्यच शंभर वर्षांपूर्वी संपले. त्यानंतर उरलेली बंदूक ही खासगी गरजेची वस्तू आहे. ती गरज खरी असू शकते आणि तिला कायद्यात जागाही हवी. मूलभूत हक्काचे कवच मात्र तिला मिळू नये, कारण ते मिळाले की पुरावा पाहून निर्णय घेण्याची वाटच बंद होते.

अठराव्या शतकातल्या अमेरिकी माणसाला खड्या फौजेची धास्ती होती. इंग्लंडात दुसऱ्या जेम्स राजाने प्रोटेस्टंट प्रजेची हत्यारे काढून घेतली आणि स्वतःची फौज वाढवली, ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. १६८९ च्या इंग्लिश हक्कांच्या सनदेने प्रोटेस्टंटांना आपापल्या दर्जाप्रमाणे व कायद्याच्या मर्यादेत हत्यारे ठेवण्याची मुभा दिली ती त्यातूनच. १९ एप्रिल १७७५ रोजी बॉस्टनहून निघालेली ब्रिटिश तुकडी काँकर्ड गावातला शस्त्रसाठा हस्तगत करायला चालली होती. वाटेत लेक्सिंग्टनला गावकऱ्यांची मिलिशिया तिला आडवी आली आणि स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. पुढे नव्या राज्यघटनेने मिलिशियाला हत्यारे पुरवण्याचे आणि शिस्त लावण्याचे अधिकार केंद्राकडे दिले, तेव्हा राज्यांना भीती वाटू लागली की केंद्र मुद्दाम हयगय करून आपल्या फौजा मोडीत काढील. दुसरी दुरुस्ती ही त्या भीतीवर दिलेली हमी होती. जेम्स मॅडिसनने जून १७८९ मध्ये मांडलेल्या मसुद्यात तर आणखी एक तरतूद होती : धर्मश्रद्धेमुळे ज्यांना शस्त्र उचलणे निषिद्ध वाटते त्यांच्यावर लष्करी सेवेची सक्ती होऊ नये. ही तरतूद पुढे वगळली गेली. पण क्वेकरांसारख्या अहिंसावादी पंथांना सूट द्यायची गोष्ट याच दुरुस्तीत यावी, यावरून मसुदा करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिकार किंवा घराची राखण नव्हती, फौजेतली चाकरी होती, हे स्पष्ट दिसते.

ही चाकरी कशी होती ते मे १७९२ च्या मिलिशिया कायद्यात वाचायला मिळते. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुष नागरिकाने मिलिशियात नाव नोंदवायचे. सहा महिन्यांत स्वतःच्या खर्चाने एक चांगली मस्केट बंदूक, संगीन, चकमकीच्या दोन जादा गारा, पाठीवरची पिशवी आणि निदान चोवीस काडतुसे मावतील असा बटवा घ्यायचा. कवायतीला बोलावले की हे सगळे घेऊन हजर व्हायचे, अधिकाऱ्याने ते तपासायचे आणि वर अहवाल पाठवायचा. म्हणजे त्या काळची घरातली बंदूक सरकारदप्तरी मोजलेली होती. तिचा मालक सरकारच्या हाकेला बांधलेला होता. १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध बंड केले तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः जवळपास तेरा हजारांची मिलिशिया घेऊन ते मोडायला निघाले. घटनेने मिलिशियाला नेमून दिलेल्या कामांत बंडे मोडणे हे काम स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे.

त्या पिढीला बंदुकीवर निर्बंध घालणे परके वाटत नव्हते, हेही इथेच सांगायला हवे, कारण आजच्या वादात ही गोष्ट सोयीने विसरली जाते. बॉस्टन शहरात १७८३ च्या कायद्याने भरलेली बंदूक घरात किंवा कोठारात ठेवायला मनाई होती. आग लागली तर दारूचा स्फोट होऊन विझवायला आलेली माणसे मरतील, हे कारण. पेनसिल्व्हेनियात राज्याशी निष्ठेची शपथ न घेणाऱ्यांची हत्यारे काढून घेतली गेली. दक्षिणेत गुलामांना बंदूक वर्ज्य होती. तिथल्या मिलिशियाचे एक मोठे काम रात्रीची गस्त घालून गुलामांवर नजर ठेवणे हेच होते, आणि या हक्काच्या इतिहासातला हा काळा भाग दुरुस्तीचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत सहसा येत नाही. पुढच्या शतकातल्या ‘वाइल्ड वेस्ट’चे सिनेमातले चित्रही असेच फसवे आहे. डॉज सिटी, टूमस्टोन अशा सरहद्दीवरच्या गावांत शिरताना पिस्तूल जमा करावे लागे. २६ ऑक्टोबर १८८१ ची टूमस्टोनची ती प्रसिद्ध चकमक गावात हत्यार वागवू नये हा नगरपालिकेचा नियम अमलात आणताना झाली.

मग मिलिशियाचे काय झाले? युद्धात ती टिकली नाही. २४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्लेडन्सबर्गला ब्रिटिश सैन्यासमोर मिलिशियाची दाणादाण उडाली आणि त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनमधली संसदेची इमारत व राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान जाळले गेले. वर्षातून थोडे दिवस कवायत केलेला शेतकरी पगारी सैनिकापुढे उभा राहू शकत नाही, हे त्यानंतर कोणाला पटवून द्यावे लागले नाही. कवायती बंद पडत गेल्या, यादवी युद्ध प्रचंड सैन्यांनी लढले गेले, आणि १९०३ च्या कायद्याने राज्यांच्या फौजांचे रूपांतर नॅशनल गार्डमध्ये झाले. गार्डच्या जवानाला बंदूक सरकार देते, ती सरकारी शस्त्रागारात राहते, आणि तो नोकरी सोडताना ती परत करतो. घरच्या भिंतीवरची बंदूक घेऊन देशाच्या हाकेला धावणारा नागरिक त्या दिवसापासून कायद्याच्या व्यवहारात उरला नाही. दुरुस्तीतल्या वाक्याचा पहिला भाग ज्या संस्थेविषयी बोलतो ती संस्थाच नाहीशी झाली. न्यायालयांनीही बराच काळ हे जाणले होते. १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आखूड नळीच्या शॉटगनवरचे निर्बंध एकमताने मान्य केले, कारण असल्या हत्याराचा सुव्यवस्थित मिलिशियाशी काही संबंध दाखवला गेला नव्हता.

खासगी बंदुकीला घटनात्मक हक्क मानण्याची चळवळ त्यामानाने अलीकडची आहे. नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ मध्ये स्थापन झाली ती नेमबाजीचे शिक्षण देण्यासाठी. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात शिरले, तेव्हा भरलेली बंदूक उघड वागवण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनीच सही केली. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ चा केंद्रीय बंदूक नियंत्रण कायदा आला. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या सभेत असोसिएशनची सूत्रे कडव्या गटाने हाती घेतली आणि एक राजकीय यंत्र उभे राहिले. निवृत्त सरन्यायाधीश वॉरन बर्गर पुराणमतवादी होते, शिकार करणारे होते, आणि १९९१ मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांनी दुसऱ्या दुरुस्तीच्या या नव्या अर्थाला जनतेची फसवणूक म्हटले. तरी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की मिलिशियाशी संबंध नसतानाही घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. राजधानीत १९७६ पासून असलेली पिस्तूलबंदी रद्द झाली. २०१० मध्ये तोच हक्क राज्यांवरही बंधनकारक झाला.

इथवरचा प्रवास निदान समजण्यासारखा होता. हेलर निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी गुन्हेगार, मनोरुग्ण, शाळा व सरकारी इमारती यांबाबतचे निर्बंध कायम राहतील असे म्हटले होते, आणि त्यानंतर चौदा वर्षे खालची न्यायालये हक्क एका पारड्यात व सार्वजनिक सुरक्षितता दुसऱ्या पारड्यात घालून निर्णय देत होती. जून २०२२ मध्ये ते तोलणेच थांबवले गेले. न्यूयॉर्क राज्यात घराबाहेर पिस्तूल वागवायला सबळ कारण दाखवून परवाना घ्यावा लागे. परवान्याची ही पद्धत १९११ च्या कायद्यापासून चालत आली होती. सहा विरुद्ध तीन मतांनी तो रद्द करताना न्यायालयाने नवी कसोटी घालून दिली : बंदुकीवरचा आजचा निर्बंध अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत बसत असेल तरच तो वैध. कायद्याने किती जीव वाचतात, हा प्रश्न या कसोटीत येतच नाही. त्याचा परिणाम लगेच दिसला. टेक्ससमध्ये प्रेयसीला मारहाण केल्याबद्दल एका माणसाविरुद्ध न्यायालयाचा संरक्षण आदेश होता, आणि असा आदेश असलेल्याला बंदूक ठेवता येत नाही असा केंद्रीय कायदा आहे. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, कारण अठराव्या शतकात त्याच्या जोडीचा कायदा सापडेना. सापडणार कसा? त्या काळी बायकोला मारणे हा फौजदारी यंत्रणेने दखल घ्यावी असा विषय क्वचितच मानला जाई. ज्या कायदेमंडळांत एकही स्त्री नव्हती आणि ज्यांना निवडून देण्याचाही स्त्रियांना जवळपास कुठेच अधिकार नव्हता, त्यांनी जे निर्बंध घातले नाहीत ते आजच्या स्त्रीच्या जिवासाठीही घालता येणार नाहीत, असा त्या निकालाचा अर्थ होत होता. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो फिरवला. पण त्यासाठीही न्यायाधीशांना जुन्या जामीनपत्रांच्या आणि हत्यार घेऊन दहशत घालण्याविरुद्धच्या जुन्या कायद्यांच्या दप्तरात साम्य शोधावे लागले. हक्क कालबाह्य झाला आहे असे मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात मुख्यतः हेच असते : जुन्या हत्याराबरोबर जुन्या काळाचे अज्ञानही आजच्या कायद्यावर बंधनकारक होते.

आणि पुरावा तर आपल्या काळात भरपूर जमला आहे. २०२१ च्या त्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, खून २०,९५८. वर्तमानपत्रांचे मथळे सामूहिक गोळीबारांना मिळतात, पण बंदुकीने मरणारा अमेरिकी माणूस बहुधा आपल्याच घरात, आपल्याच हाताने मरतो. कॅलिफोर्नियातल्या दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांचा बारा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल असलेल्या पुरुषांत आत्महत्येचे प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या तिपटीहून अधिक आणि स्त्रियांत सातपटीहून अधिक आढळले. फक्त बंदुकीने केलेल्या आत्महत्या पाहिल्या तर स्त्रियांत हा फरक पस्तीसपट होता. मरायचेच असेल तर माणूस दुसरा मार्ग शोधतो, असे यावर म्हटले जाते. ते बहुतेकांच्या बाबतीत खरे नाही. आत्महत्येची ऊर्मी अनेकदा थोड्या वेळाची असते, आणि प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी फार थोडे पुढे आत्महत्येने मरतात. बंदुकीच्या प्रयत्नातून मात्र दहांत एखादाच वाचतो. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये जवानांना सुटीवर जाताना रायफल छावणीत ठेवायला सांगितले, तेव्हा तरुण जवानांतल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या आणि ही घट प्रामुख्याने सुटीच्या दिवसांतली होती. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकांची फौज आजही खरोखर आहे. तिथे २००४ च्या सुमारास फौजेची संख्या निम्म्यावर आली, घराघरांतल्या लष्करी बंदुका कमी झाल्या, आणि लष्करी वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्याही कमी झाल्या. मिलिशियाचे कर्तव्य जिवंत असलेल्या देशातही घरात बंदूक ठेवण्याला किंमत असते, एवढे या उदाहरणातून घेण्यासारखे आहे.

खुनांच्या बाबतीत चित्र इतके सरळ नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९९० च्या दशकात अमेरिकेत खुनांचे प्रमाण झपाट्याने उतरले आणि त्याच काळात बंदुकांची एकूण संख्या वाढतच होती. बंदुका वाढल्या की खून वाढतात असे सोपे गणित त्यामुळे मांडता येत नाही. बंदूक कोणाच्या हाती कशी पोचते याला मात्र महत्त्व आहे. कनेक्टिकट राज्याने १९९५ मध्ये पिस्तूल खरेदीआधी परवाना आणि पडताळणी सक्तीची केली, त्यानंतर तिथल्या बंदुकीच्या खुनांत घट आढळली. मिझुरीने असाच जुना कायदा २००७ मध्ये रद्द केला, तिथे वाढ आढळली. असे अभ्यास आणखी कितीतरी व्हायला हवे होते. पण १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रोगनियंत्रण केंद्राच्या अर्थसंकल्पात असे कलम घातले की बंदुकीवरचे सरकारी संशोधन जवळपास दोन दशके थंडावले. या काळातच एका पिढीचे शालेय वय सरले. २०२० पासून तर अमेरिकी मुला-किशोरांच्या मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुलेही दार लावून, दिवे मालवून, बाकाखाली गप्प बसण्याचा सराव शाळेत करतात, म्हणून हा प्रश्न आपल्यालाही तितकासा दूरचा नाही.

आता आक्षेपांकडे वळू. जुलमी सरकारविरुद्ध शेवटचा उपाय म्हणून जनता सशस्त्र असली पाहिजे, हा सर्वांत जुना आक्षेप. त्याच्या बाजूने १९४६ चे टेनेसीतल्या अथेन्स गावाचे उदाहरण दिले जाते : युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी मतपेट्या पळवणाऱ्या भ्रष्ट शेरिफच्या माणसांवर गोळ्या झाडून निवडणूक वाचवली. घटना खरी आहे, आणि त्या सैनिकांची बाजूही न्यायाची होती. पण त्यांनी वापरलेल्या बऱ्याच रायफली सरकारी शस्त्रागारातून उचललेल्या होत्या. शिवाय एका अथेन्सच्या समोर नॉर्थ कॅरोलिनातले विल्मिंग्टन ठेवावे लागते. १० नोव्हेंबर १८९८ रोजी सशस्त्र गोऱ्या जमावाने तिथले कायदेशीर निवडून आलेले नगरशासन उलथवले, कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र जाळले, माणसे मारली, आणि कोणीही त्यांना रोखले नाही. त्याआधी १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणारे कृष्णवर्णीय सशस्त्रच होते. तोफ घेऊन आलेल्या जमावाने त्यांची कत्तल केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये आरोपींच्या शिक्षा रद्द करताना शस्त्र वागवण्याच्या हक्काचे रक्षण करणे केंद्राचे काम नाही असे सांगितले. ‘सशस्त्र जनता’ कोणत्या बाजूला उभी राहील याची हमी घटनेतला हक्क देत नाही. सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याला तर हीच घटना तिसऱ्या अनुच्छेदात देशद्रोह म्हणते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो झटकून टाकणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. राज्य तुमचे रक्षण करीलच असे नाही. दक्षिणेत झुंडबळींचे सत्र चालू असताना पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी कृष्णवर्णीयांच्या घरात रायफल असावी असे लिहिले ते निरुपायाने. १९६४ मध्ये लुइझियानातच कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेपासून नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना वाचवायला कृष्णवर्णीय माजी सैनिकांनी सशस्त्र पहारे बसवले. आणि २००५ मध्ये कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की संरक्षण आदेश असूनही पोलिसांनी तो अमलात आणलाच पाहिजे असा घटनात्मक हक्क दाद मागणाऱ्या आईला नाही. तिच्या तीन मुली तिच्या नवऱ्याने मारल्या होत्या. असा निकाल देणाऱ्या देशात एखादी बाई पिस्तूल मागत असेल तर तिला बेजबाबदार कोण म्हणेल? पण तिची मागणी ऐकण्याची जागा परवान्याचा कायदा ही आहे. तिथे तिचा धोका, तिचे प्रशिक्षण, तिच्या घरातली परिस्थिती पाहता येते. घटनात्मक हक्क मात्र तिला आणि तिला धमकावणाऱ्याला एकाच मापाने मोजतो. टेक्ससमधल्या अशाच एका माणसाच्या हातातून बंदूक काढून घ्यायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावे लागले, हे वर आलेच आहे. कॅसल रॉकच्या निकालातली उणीव भरून काढायची तर नागरिकाला संरक्षण मिळण्याचा हक्क घटनेत आणावा. राज्याच्या नाकर्तेपणाची भरपाई बंदुकीने करायला सांगणे ही दुबळ्या माणसावरच टाकलेली जबाबदारी आहे.

भाषणस्वातंत्र्यही १७९१ चेच आहे, ते इंटरनेटला लागू होते, मग बंदुकीचा हक्क आधुनिक बंदुकीला का नको, असे स्कॅलिया यांनी विचारले होते. हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. फरक असा की भाषणस्वातंत्र्याचे प्रयोजन, म्हणजे सत्तेवर टीका करता येणे, आजही तितकेच जिवंत आहे, मिलिशिया नाही. आणि भाषणावरच्या निर्बंधांची वैधता ठरवताना न्यायालये आजचे नुकसान व आजची गरज तपासतात. १७९१ मध्ये असा कायदा होता का, एवढ्यावर तिथे कोणी थांबत नाही.

शस्त्राच्या हक्काचा हा वाद आपल्याकडेही झालेला आहे, आणि तो फार वरच्या पातळीवर झाला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला परवान्याखाली आणले आणि युरोपियनांना सूट दिली. हा अपमान राष्ट्रीय सभेने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून मांडला. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मूलभूत हक्कांच्या यादीत होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी त्याचीच आठवण देऊन दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. ही मागणी परक्या सरकारने जनतेला निःशस्त्र केले म्हणून त्या वेळी रास्त होती, असे त्यांच्या उत्तराचे सूत्र होते. आता प्रत्येकाला बाजारातून हवे ते हत्यार विकत घेता येऊ लागले तर राज्यकारभार चालणार नाही. आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरावा. राष्ट्र संकटात असेल तेव्हा राज्याने नागरिकाला बोलावता यावे, आणि तशी तरतूद संविधानात आहेच. अमेरिकेत १७९२ च्या कायद्याने जे कर्तव्य घातले होते तेच नेमके आंबेडकरांनी ठेवले आणि त्याला चिकटलेला खासगी हक्क बाहेर ठेवला. भारतात शस्त्र परवाना आज १९५९ च्या कायद्याने मिळतो किंवा नाकारला जातो. गावठी कट्ट्यांचा सुळसुळाट त्याने थांबलेला नाही, परवाने देताना वशिलाही चालतो. पण हे दोष सुधारायला घटनेशी झगडावे लागत नाही.

जगात आज अमेरिकेखेरीज मेक्सिको, ग्वाटेमाला अशा मोजक्याच देशांच्या घटनांत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. मेक्सिकोने तो १९७१ च्या दुरुस्तीने घरापुरता आखून घेतला आणि कायदेशीर विक्री सैन्याच्या हाती ठेवली. तिथल्या टोळ्यांच्या हाती असलेल्या बंदुकांचा मोठा भाग सीमेपलीकडून, अमेरिकी दुकानांतून येतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे : ही दुरुस्ती रद्द होणे अशक्य, मग वाद कशाला? त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते आणि पन्नासांपैकी अडतीस राज्यांची संमती लागते. तेरा राज्ये अडून बसली की विषय संपला. आजवर एकच दुरुस्ती रद्द झाली आहे, १९१९ ची दारूबंदी, ती १९३३ मध्ये. नजीकच्या काळात दुसरी दुरुस्ती हलेल असे मलाही वाटत नाही. पण हेलर निकाल एका मताने लागला होता, आणि त्यातल्या विरोधी मताचे लेखक न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी निवृत्तीनंतर २०१४ मध्ये एक साधी सूचना केली : मूळ वाक्यात पाच इंग्रजी शब्द घालावेत, म्हणजे हा हक्क मिलिशियात सेवा करतानाचा आहे हे निःसंदिग्ध होईल. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतील हत्याकांडानंतर त्यांनी पूर्ण रद्द करण्याचीच मागणी केली. मला त्यांची आधीची सूचना अधिक नेमकी वाटते. तिने कोणाच्याही घरातली बंदूक जप्त होणार नाही. चाळीसहून अधिक राज्यांच्या स्वतःच्या घटनांत शस्त्राचा हक्क आहे, तोही राहील. बदलेल ते एवढेच की नियम कोण ठरवणार. इलिनॉयने २०२३ मध्ये लष्करी बनावटीच्या रायफलींच्या विक्रीवर बंदी घातली. केंद्रीय न्यायालयांत तिच्यावर वाद झाला तो जुन्या शतकांतल्या कायद्यांशी तिचे साम्य आहे का यावर. स्टीव्हन्स यांचे ते पाच शब्द असते तर तो निर्णय इलिनॉयच्या मतदारांच्या हाती, आजच्या आकड्यांच्या आधारे झाला असता; आणि परवान्याशिवाय पिस्तूल वागवू देण्याची व्हर्मॉंटची जुनी रीत टिकवायची की नाही, हेही तिथल्या मतदारांनीच ठरवले असते.